पुलापलीकडचं ऍस्ट्रोवर्ल्ड

(मंडळाच्या कोजागिरीच्या कार्यक्रमात केलेल्या भाषणाचं हे लेखी रूप. बोलण्याच्या ओघात आलेली काही वाक्यं तशीच ठेवली आहेत.)



मसाला दूध अजून आटतंय. तेवढ्या वेळात कोणीतरी बोलायला हवं, म्हणून कार्यकारिणीने मला उभं केलंय. मी कॉम्प्युटरवाला, तेव्हा "काहीतरी टेक्नॉलॉजीवर बोल" अशी सूचना होती. पण आठवडाभर तुम्ही-आम्ही तेच करतो, शनिवारी रात्री चांदण्यात बसून पुन्हा सर्व्हर कशाला? म्हणून मी आज आपल्या गावाबद्दल बोलणार आहे. आपलं गाव म्हणजे ह्यूस्टन. 'आपलं गाव' म्हटल्यावर इथल्या निम्म्या लोकांच्या डोळ्यांपुढे सातारा, नागपूर नाहीतर डोंबिवली आली असेल, माझ्याही येते. पण ही मागे आरडाओरडा करत पळणारी मंडळी आहेत ना, त्यांना विचारा. त्यांचं गाव हेच.

विषय सुचला तो माझ्या मुलीमुळे. साऊथ लूपवरून, म्हणजे ६१० वरून, आम्ही चाललो होतो. डाव्या-उजव्या हाताला प्रचंड पार्किंग लॉट. आणि हायवेवरून आडवा गेलेला एक पादचारी पूल. मुलगी म्हणाली, "बाबा, या ब्रिजवरून लोक कुठे जातात?" मी नीट पाहिलं. एका बाजूला ऍस्ट्रोडोमचं आवार, दुसऱ्या बाजूला नुसती मोकळी जमीन. पूल चांगला भक्कम, पण पलीकडे जाण्यासारखं काहीच नाही. मी म्हटलं, "घरी गेल्यावर सांगतो." याचा अर्थ बाबाला माहीत नाही, हे आता तिला कळायला लागलंय.

मग मी शोधायला बसलो, आणि आपल्याच मंडळातल्या जुन्या काका-काकूंना विचारलं. त्यातून जे हाती लागलं ते आज सांगतो. ही गोष्ट चार बेसबॉल मैदानांची आणि एका थीम पार्कची आहे.

सुरुवात करू १९२८ पासून. डाऊनटाऊनच्या पूर्वेला त्या वर्षी बफ स्टेडियम उघडलं. तिथे खेळायचा ह्यूस्टन बफेलोज हा संघ. बेसबॉलमध्ये वरची पातळी म्हणजे मेजर लीग आणि खालच्या मायनर. आपल्याकडे जसे कसोटीचे खेळाडू आधी रणजीत तयार होतात, साधारण तसंच. बफेलोज हा सेंट लुई कार्डिनल्सच्या हाताखालचा संघ. डिझी डीनसारखा पुढे प्रसिद्ध झालेला गोलंदाज इथूनच वर गेला. तो काळ वर्णभेदाचा. काळ्या प्रेक्षकांना बसायची जागा वेगळी, आणि बफेलोजकडून पहिला कृष्णवर्णीय खेळाडू, बॉब बॉइड, मैदानात उतरायला १९५४ साल उजाडावं लागलं. १९६१ मध्ये कार्ला वादळाने या स्टेडियमची बरीच मोडतोड केली, १९६३ मध्ये ते पाडलं, आणि त्या जागेवर झालं काय, तर फर्निचरचं दुकान! दुकानदार मात्र रसिक निघाला. फलंदाज जिथे उभा राहतो ती होम प्लेटची जागा त्याने दुकानाच्या फरशीत नेमकी दाखवून ठेवली आणि छोटंसं संग्रहालयही केलं. लोक सोफा बघायला जायचे आणि होम प्लेटवर उभे राहून फोटो काढून यायचे. ते दुकानही पुढे बंद झालं. एवढा जपणारा माणूस या गोष्टीत पुन्हा फारसा भेटणार नाही, म्हणून त्याची आठवण आधीच काढून ठेवली.

आता गोष्टीचा नायक. त्याचं नाव रॉय हॉफाइन्झ. लोक त्याला 'जज्ज' म्हणत, कारण अवघ्या चोविसाव्या वर्षी तो हॅरिस काउंटीचा काउंटी जज्ज झाला होता. टेक्ससमध्ये काउंटी जज्ज म्हणजे निकाल देणारा न्यायाधीश कमी आणि काउंटीचा कारभारी जास्त. पुढे तो शहराचा महापौर झाला. बोलायला पटाईत, डोक्यात भन्नाट कल्पना, आणि दुसऱ्याच्या पैशाने त्या उभ्या करण्याचं विलक्षण कसब. आपल्या ओळखीत असा एखादा असतोच!

१९६० मध्ये ह्यूस्टनची लोकसंख्या होती सुमारे ९ लाख ३८ हजार. शहर तेलावर झपाट्याने वाढत होतं, पण मेजर लीगचा संघ नव्हता. त्या वर्षी ऑक्टोबरमध्ये नॅशनल लीगने संघ मंजूर केला, आणि त्याबरोबर एक मोठं कोडंही आलं. बेसबॉल हा एप्रिल ते सप्टेंबर, म्हणजे ऐन उन्हाळ्यातला खेळ. ह्यूस्टनचा जुलै तुम्हाला मी सांगायला नको. पार्किंगमधून एच.ई.बी.च्या दारापर्यंत जाईस्तोवर शर्ट पाठीला चिकटतो. तिथे तीन तास उघड्यावर कोण बसणार?

हॉफाइन्झचं उत्तर होतं, अख्ख्या मैदानावर छप्पर घालायचं आणि आत एअर कंडिशनिंग करायचं. ही कल्पना रोममधल्या कोलोसियमवर ताणल्या जाणाऱ्या कनातीवरून सुचली, असं तो सांगत असे. लोक हसले. पण जानेवारी १९६१ मध्ये काउंटीच्या मतदारांपुढे २ कोटी २० लाख डॉलर्सच्या कर्जरोख्यांचा प्रस्ताव आला आणि तो मंजूर झाला. त्यामागे एक महत्त्वाची गोष्ट आहे. क्वेंटिन मीझ आणि इतर कृष्णवर्णीय नेत्यांनी पाठिंबा दिला तो एका अटीवर, की या स्टेडियममध्ये बसण्याच्या जागा वेगळ्या नसतील. बफ स्टेडियमच्या जमान्यातून आलेल्या माणसांनी आपल्या मताची किंमत वसूल केली. तेव्हा 'स्टेडियम म्हणजे श्रीमंतांची चैन' असं कोणी म्हणालं, तर ही अट त्यांना जरूर सांगा.

घुमट होईपर्यंत शेजारीच एक तात्पुरतं मैदान बांधलं, कोल्ट स्टेडियम. संघाचं नाव होतं कोल्ट फॉर्टी-फाइव्ह्ज, म्हणजे चक्क पिस्तुलाचं नाव. १० एप्रिल १९६२ ला पहिला सामना झाला आणि नवख्या संघाने शिकागो कब्जचा ११-२ असा धुव्वा उडवला. पण लोकांच्या लक्षात राहिले ते डास. दोन डावांच्या मधे कर्मचारी मैदानात औषध फवारत. दुपारच्या उन्हात प्रेक्षक चक्कर येऊन पडत. म्हणून लीगने खास परवानगी दिली आणि ९ जून १९६३ ला मेजर लीगच्या इतिहासातला रविवारी रात्रीचा पहिला सामना इथे झाला. तीन हंगामांनंतर हे मैदान रिकामं पडलं. पुढे त्याचा सांगाडा मेक्सिकोतल्या एका संघासाठी उचलून नेला.

दरम्यान दोन गोष्टी झाल्या. १९६१ मध्ये नासाने आपलं अवकाशयान केंद्र ह्यूस्टनला आणायचं जाहीर केलं. शहराच्या अंगात अंतराळ संचारलं! संघाचं नाव बदलून 'ऍस्ट्रोज' झालं आणि घुमटाचं ऍस्ट्रोडोम. ९ एप्रिल १९६५ ला न्यूयॉर्क यांकीजविरुद्ध प्रदर्शनीय सामन्याने तो उघडला. राष्ट्राध्यक्ष लिंडन जॉन्सन हजर होते. मिकी मँटलने पहिली होमरन, म्हणजे आपला षटकार, मारली, पण सामना ऍस्ट्रोजने बाराव्या डावात २-१ असा जिंकला.

इंजिनियर म्हणून मला इथे थोडं थांबावंसं वाटतं. ६४२ फुटांचा घुमट, मधे एकही खांब नाही. उंची अठरा मजल्यांएवढी. सुमारे ६,६०० टनांची एअर कंडिशनिंगची यंत्रणा. आपल्या घरी साधारण तीन-चार टनांची असते, त्यावरून अंदाज करा. एकूण खर्च सुमारे साडेतीन कोटी डॉलर्स. हॉफाइन्झने त्याला 'जगातलं आठवं आश्चर्य' म्हणायला सुरुवात केली, आणि म्हणता म्हणता लोकही म्हणायला लागले.

आता गंमत ऐका. खाली खरं गवत लावलं होतं. गवताला ऊन हवं, म्हणून छपराला साडेचार हजारांहून जास्त पारदर्शक तावदानं बसवली. सगळं कागदावर चोख. प्रत्यक्षात दिवसा सरावाला उतरलेल्या खेळाडूंना वर पाहिलं की नुसता चकचकाट आणि सळ्यांच्या सावल्या! उंच उडालेला चेंडू दिसेचना. उपाय म्हणून तावदानांना रंग फासला. चेंडू दिसायला लागला, पण गवत मेलं. मग उरलेला हंगाम मेलेल्या गवतावर आणि मातीवर हिरवा रंग मारून काढला. आपल्या धंद्यात याला म्हणतात, एक बग काढताना दुसरा घातला! शेवटी १९६६ मध्ये मोन्सँटो कंपनीचं प्लॅस्टिकचं गवत आणलं. कंपनीने त्याला नाव दिलं होतं केमग्रास, पण इथे अंथरल्यावर ते झालं ऍस्ट्रोटर्फ. आज मुंबई-पुण्यात हॉकीच्या मैदानाला आपण सर्रास 'ऍस्ट्रोटर्फ' म्हणतो ना, तो शब्द आपल्या ह्यूस्टनमधल्या मेलेल्या गवतातून उगवलेला आहे.

हॉफाइन्झ तेवढ्यावर थांबला नाही. तो स्वतः ऍस्ट्रोडोममध्येच घर करून राहायचा. त्या घरात बोलिंग ऍली होती, छोटं प्रार्थनाघर होतं, न्हाव्याचं दुकानही होतं. आणि तिथून हायवेच्या पलीकडे त्याला दिसत होती मोकळी जमीन. १ जून १९६८ ला तिथे उघडलं ऍस्ट्रोवर्ल्ड. सुरुवातीला ५७ एकरांचं थीम पार्क. तिथेही त्याने उकाड्याशी भांडण सोडलं नाही. रांगांच्या आणि सावलीच्या जागी, उघड्यावरही, गार हवा सोडायची सोय केली. आणि दोन्ही जागा जोडायला हायवेवरून पूल बांधला. माझ्या मुलीने विचारलेला पूल तो हाच.

पुढे हॉफाइन्झचं नशीब फिरलं. १९७० मध्ये त्याला पक्षाघात झाला, कर्ज वाढत गेलं आणि त्याचं साम्राज्य हातातून निसटलं. १९७५ मध्ये ऍस्ट्रोवर्ल्ड सिक्स फ्लॅग्ज कंपनीकडे गेलं. १९८२ मध्ये तो वारला. पण पार्क रंगात आलं ते याच काळात. १९७६ मध्ये आला टेक्सस सायक्लोन, लाकडी रोलर कोस्टर. त्याची कथा लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे. न्यूयॉर्कच्या कोनी आयलंडमध्ये १९२७ पासून 'सायक्लोन' नावाचा लाकडी कोस्टर आहे. सत्तरच्या दशकात तो पाडायचं घाटत होतं. तोच विकत घेऊन इकडे आणावा असा इथल्या लोकांचा विचार होता, पण मग त्यांनी त्याची थोडी मोठी नक्कल इथे नवी बांधली. १९८० मध्ये थंडर रिव्हर आली. गोल तराफ्यात बसून खळाळत्या पाण्यातून भिजत जायचं. आज जगभरच्या पार्कांत ही राइड दिसते, तिची सुरुवात इथे झाली.

आपल्या मंडळातल्या एका काकांनी मला याच राइडची आठवण सांगितली. ऐंशीच्या दशकात त्यांचे आई-वडील साताऱ्याहून पहिल्यांदाच आले होते. आई नऊवारीतल्या. "मी खाली बाकावर बसते, तुम्ही जाऊन या," म्हणाल्या. नातवाने हट्टाने हात धरून तराफ्यात बसवलं. बाहेर आल्या त्या नखशिखांत भिजून. काकूंना वाटलं, आता रागावणार. तर त्या म्हणाल्या, "कृष्णेच्या पुरात आम्ही असंच खेळायचो. पुन्हा रांगेत उभं राहू या का?" अमेरिकेत त्यांना आवडलेली पहिली जागा ती. त्यानंतर गावी पाठवलेल्या प्रत्येक पत्रात काका ऍस्ट्रोवर्ल्ड सुरू आहे ना, तिकीट किती झालं, हे लिहायचे, कारण आईचा तो ठरलेला प्रश्न असायचा. मला हे सांगताना काका मधेच थांबले. म्हणाले, "आई गेली, पार्कही गेलं. आता नातवाला दाखवायला फक्त तो फोटो आहे, आणि त्यात पाण्याचे थेंब उडून निम्मी आई दिसतच नाही."

हे पार्क गेलं कसं, त्यासाठी २००५ सालचा पावसाळा बघू या. एवढं सगळं एका शहरात तीन महिन्यांत घडलं यावर विश्वास बसत नाही.

तोपर्यंत ऍस्ट्रोडोम जवळजवळ रिकामा झाला होता. मधे एकदा ऑयलर्स या फुटबॉल संघाच्या मालकाने गाव सोडायची धमकी दिली, म्हणून १९८८ मध्ये आणखी दहा हजार खुर्च्यांसाठी तो प्रसिद्ध अवाढव्य स्कोअरबोर्ड काढून टाकला. हॉफाइन्झचं घरही तेव्हाच गेलं. एवढं करूनही १९९६ चा हंगाम संपल्यावर ऑयलर्स टेनेसीला निघून गेलेच. ऍस्ट्रोज १९९९ नंतर डाऊनटाऊनला गेले. २००२ मध्ये शेजारी नवं फुटबॉल स्टेडियम झालं आणि रोडिओही तिकडे गेला.

मग ऑगस्ट २००५ च्या अखेरीला कॅटरिना वादळ आलं. न्यू ऑर्लिन्स बुडालं. तिथल्या लोकांच्या बसेस भरभरून आल्या त्या याच मोडीत काढलेल्या ऍस्ट्रोडोमकडे. तो आणि शेजारच्या इमारती मिळून पंचवीस हजारांहून जास्त लोकांना आसरा मिळाला. आपल्यातले काही जण तेव्हा कपडे, जेवणाची पाकिटं घेऊन गेलेले आहेत. ज्या इमारतीचं काय करायचं हे कोणाला कळत नव्हतं, तिचा उपयोग काय, ते एका रात्रीत दिसलं.

ते लोक अजून तिथेच असताना, १२ सप्टेंबरला सिक्स फ्लॅग्जने जाहीर केलं, ऍस्ट्रोवर्ल्ड या हंगामानंतर कायमचं बंद. मग रिटा वादळाच्या भीतीने लाखो लोक शहर सोडून निघाले आणि हायवेवर अडकले. त्यातून सावरतोय तर ऍस्ट्रोज पहिल्यांदाच वर्ल्ड सिरीजमध्ये पोचले. २५ ऑक्टोबरला टेक्ससमधला पहिला वर्ल्ड सिरीज सामना इथे झाला. तो चौदा डाव चालला आणि आपण हरलो. दुसऱ्या दिवशी शिकागो व्हाइट सॉक्सने चौथाही सामना जिंकून मालिका ४-० अशी खिशात घातली. आणि ३० ऑक्टोबरच्या रविवारी ऍस्ट्रोवर्ल्डचे दरवाजे शेवटचे बंद झाले. १ नोव्हेंबरला लक्ष्मीपूजन होतं. त्या वर्षी इथे असलेले एक सद्गृहस्थ मला म्हणाले, "मुलांना वसुबारस-धनत्रयोदशी काय आठवेना, त्यांना फक्त शेवटची राइड आठवते."

बंद का केलं? सिक्स फ्लॅग्जवर दोन अब्ज डॉलर्सहून जास्त कर्ज होतं. शेजारच्या आवारातल्या पार्किंगवरून वाद चालू होते. आणि जमिनीचे भाव वाढत होते. पार्क चालवण्यापेक्षा जमीन विकली तर जास्त पैसे, असं गणित मांडलं गेलं. गणित वाईट नव्हतं, पण चुकलं. २००६ मध्ये शंभराहून जास्त एकर जमीन विकली गेली ती ७ कोटी ७० लाख डॉलर्सना. अपेक्षा याहून पुष्कळ मोठी होती, आणि पाडापाडीचा, साफसफाईचा खर्च वेगळाच. निर्णय घेणारे कंपनीचे प्रमुख त्याच सुमारास मालकांच्या भांडणात पायउतार झाले. जमिनीवर ज्या इमारती उठणार होत्या, त्या काही उठल्या नाहीत. पुढे त्यातला मोठा भाग रोडिओच्या संस्थेने घेतला, आणि तिथे मुख्यतः गाड्या उभ्या राहतात.

काही राइड्स मात्र वाचल्या. एक मॉन्ट्रियलला गेली, एक ऍमरिलोला. आणि टेक्सस सायक्लोन २००६ मध्ये पाडला. ज्याची ती नक्कल होती तो कोनी आयलंडचा मूळ सायक्लोन मात्र अजून धावतोय. कारण पाडायची वेळ आली तेव्हा तिथल्या लोकांनी आरडाओरडा केला, आणि १९८८ मध्ये न्यूयॉर्क शहराने त्याला वारसावास्तूचा दर्जा दिला. नक्कल करणाऱ्यांनी लाकूड, उंची, वळणं सगळं उचललं, एवढी एक गोष्ट राहिली.

आता डाऊनटाऊनच्या मैदानाबद्दल. २००० मध्ये ते उघडलं, १९११ च्या युनियन स्टेशनची इमारत पोटात घेऊन. हे एक बरं काम झालं. छप्पर उघडमीट होणारं. नाव काय, तर एन्रॉन फील्ड! आपल्याला हे नाव ह्यूस्टनच्या कितीतरी आधी गुहागर-दाभोळमुळे पाठ. माझ्या लहानपणी घरी पेपर उघडला की एन्रॉन. १९९५ मध्ये करार रद्द, मग पुन्हा वाटाघाटी, १९९९ मध्ये वीज सुरू, २००१ मध्ये बंद. त्याच एन्रॉनने इथे तीस वर्षांसाठी दहा कोटी डॉलर्स देऊन मैदानावर नाव लावलं होतं. डिसेंबर २००१ मध्ये कंपनीचं दिवाळं वाजलं, तेव्हा ऍस्ट्रोजना स्वतःच्याच मैदानावरून ते नाव उतरवण्यासाठी २१ लाख डॉलर्स मोजावे लागले. कोकणात आणि ह्यूस्टनमध्ये एकाच कंपनीने मागे ठेवलेला पसारा आवरायला दुसऱ्यांना पैसे भरावे लागले, हा आपला आणि या गावाचा जुना ऋणानुबंध म्हणायचा! नंतर मैदानाचं नाव झालं मिनिट मेड पार्क, आणि २०२५ पासून डायकिन पार्क. डायकिन म्हणजे एअर कंडिशनरवाले. हॉफाइन्झला हे नाव नक्की आवडलं असतं.

उरला ऍस्ट्रोडोम. आता थोडं गंभीर बोलतो. २०१३ च्या नोव्हेंबरमध्ये त्याची दुरुस्ती करून प्रदर्शनं-मेळाव्यांची जागा बनवायला २१ कोटी ७० लाख डॉलर्सचे कर्जरोखे काढायचे का, असा प्रश्न काउंटीच्या मतदारांपुढे आला. सुमारे ५३ टक्के लोकांनी 'नाही' म्हटलं. पुढच्या वर्षी त्याचा समावेश राष्ट्रीय ऐतिहासिक वास्तूंच्या नोंदवहीत झाला. २०१७ मध्ये राज्यानेही संरक्षण दिलं, त्यामुळे तो सहज पाडता येत नाही. २०१८ मध्ये काउंटीने १० कोटी ५० लाख डॉलर्सची योजना मंजूर केली, तीही अडली. म्हणजे ठेवायला पैसे नाहीत आणि पाडायला परवानगी नाही.

त्या मतदानाबद्दल मी ऑफिसात आणि आपल्या मंडळींतही विचारलं. नागरिक झालेल्या बऱ्याच जणांना ते आठवतसुद्धा नव्हतं. एक मित्र प्रामाणिकपणे म्हणाला, "अरे, मला वाटलं बेसबॉलचं काहीतरी आहे, आपला काय संबंध?" मी त्याला दोष देत नाही. मीही असंच म्हटलं असतं. आपण राष्ट्राध्यक्षाच्या निवडणुकीवर रात्र-रात्र वाद घालतो, पण मतपत्रिकेच्या तळाशी असलेले काउंटीचे, शाळांचे प्रश्न सोडून देतो. १९६१ मध्ये क्वेंटिन मीझ आणि त्यांच्या लोकांना मात्र पक्कं माहीत होतं, की तळाच्या प्रश्नातच आपली जागा मागून घ्यायची असते.

मी कन्सल्टंट म्हणून जुन्या सिस्टिम्स बंद करायची कामं पुष्कळ करतो. त्यातला पहिला नियम असा, की बटण दाबायच्या आधी ही सिस्टिम अजून कोण वापरतंय ते शोधा. कागदावर वापरणारे शून्य असतात. प्रत्यक्षात बंद केल्यावर सोमवारी सकाळी कुठल्यातरी कोपऱ्यातून फोन येतो. ऍस्ट्रोवर्ल्ड बंद करताना जमिनीचा भाव काढला, कर्जाचं व्याज काढलं, पण ती जागा कोण वापरतंय ते कोणी मोजलं नाही. कुठल्या शाळेच्या सहली, कोणाची पहिली उन्हाळी नोकरी, कोणाची साताऱ्याहून आलेली आई. फोन मात्र अजून येतायत. इथेच वाढलेल्या ट्रॅव्हिस स्कॉट या रॅप गायकाने २०१८ मध्ये आपल्या अल्बमला 'ऍस्ट्रोवर्ल्ड' नाव दिलं आणि जुन्या पार्कच्या समोरच त्याच नावाचा संगीत महोत्सव भरवायला सुरुवात केली. नोव्हेंबर २०२१ मध्ये त्याच महोत्सवात चेंगराचेंगरी होऊन दहा जण गेले, त्यात लहान मुलगाही होता. आता तर मुलांना हे नाव कळतं ते त्या दुर्घटनेमुळे. म्हणून मला वाटतं, त्या नावाची आधीची हकीकत ज्यांना ठाऊक आहे त्यांनी ती सांगायला हवी.

तर माझ्या दोन विनंत्या आहेत, आणि मग दूध.

पहिली ज्येष्ठांना. तुमच्या कपाटात ऍस्ट्रोवर्ल्डचे, ऍस्ट्रोडोमचे, कॅटरिनाच्या वेळच्या मदतकार्याचे फोटो असतील. अल्बम घेऊन या. स्कॅन करायचं काम माझं, आणि एकही फोटो हरवणार नाही ही जबाबदारीही माझी. फोटोमागे नाव, साल आणि दोन ओळी लिहून द्या. मराठीत लिहा. आपण ते मंडळाकडे नीट लावून ठेवू.

दुसरी माझ्या वयाच्या लोकांना. ऍस्ट्रोडोमचा प्रश्न कधी ना कधी पुन्हा मतपत्रिकेवर किंवा काउंटीच्या बैठकीत येईल. ठेवा म्हणा, पाडा म्हणा, माझं काही म्हणणं नाही. कर देणाऱ्या माणसाला 'नाही' म्हणायचा पूर्ण हक्क आहे. पण माहिती करून घेऊन म्हणा. ज्यांना मतदान करता येतं त्यांनी यादीच्या तळापर्यंत जा. ज्यांना अजून येत नाही, माझ्यासारखे ग्रीन कार्डच्या रांगेत उभे असलेले, त्यांनी मुलांना सांगा. त्यांना येणार आहे.

मुलीला मी त्या रात्री सगळं सांगितलं. सायक्लोन, थंडर रिव्हर, डास, हिरवा रंग मारलेली माती. तिने शांतपणे ऐकून घेतलं आणि विचारलं, "मग तो ब्रिज का नाही तोडला?" याचं उत्तर मला खरंच सापडलेलं नाही. इथे कोणाला माहीत असेल तर दूध पिता पिता सांगा.

काका, तो भिजलेला फोटो मात्र सगळ्यात आधी आणा.